संशोधनपत्रिकेचे अंक पन्नास वर्षं वाचता यावेत म्हणून

पत्रिकेच्या २००३-०४च्या सुमाराच्या एखाद्या अंकाची पीडीएफ उघडा. मधल्या पानावरचं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी जसंच्या तसं उतरलं तर उत्तम. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा आला, तर तो अंक श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत ते नाही. शोधयंत्राला त्यात ‘तापी’ सापडत नाही की ‘केळी’ सापडत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांच्या आणि संशोधन मंडळांच्या पत्रिकांचं जतन इथूनच सुरू करावं. तो फॉन्ट आणि पेजमेकर (पानं जुळवण्याचं जुनं सॉफ्टवेअर) चालणारा संगणक हाताशी आहे तोवरच हे काम सोपं आहे.

पेजमेकरची मूळ फाइल असेल तर मजकूर बाहेर काढून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) आणा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा ‘र्’ व्यंजनाआधी. त्यामुळे ‘निर्मिती’सारख्या शब्दात, जिथे वेलांटी आणि रफार एकाच ‘म’वर बसतात, तिथे कन्व्हर्टर घसरतो. ‘दुसऱ्या’, ‘खऱ्या’ यांतला ऱ हीसुद्धा घसरण्याची जागा. प्रत्येक फाइलमध्ये आधी असे शब्द शोधून पाहा. ते बरोबर असतील तर बाकीचं बहुतेक ठीक निघतं. कोष्टकं मात्र छापील पानाशी आकडा-आकडा ताडून घ्याच. चुकलेला शब्द डोळ्याला खटकतो, चुकलेला आकडा खटकत नाही.

अहिराणीचे लेख असतील तर शब्दतपासनीस बंद ठेवा. अहिराणी न बोलणारा मुद्रितशोधक ‘माले’चं ‘मला’ आणि ‘तुले’चं ‘तुला’ करून टाकतो. मग ज्या बोलीवर तो लेख लिहिला आहे, तीच त्यातून पुसली जाते. हे काम अहिराणी बोलणाऱ्याकडेच द्या.

कागदी अंकच उरला असेल तर स्कॅन. आधी गंजलेल्या पिना काढा. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढे दिसत असेल, तर पानामागे काळा कागद ठेवा. साध्या मजकुराला ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांत; रंगीत नकाशे-छायाचित्रांना रंगीत स्कॅन. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन करू नका, त्यात अनुस्वार आणि नुक्ते गळतात. मूळ स्कॅन टिफ या दर्जा न घटवणाऱ्या चित्रप्रकारात ठेवा. ए-४ आकाराचं असं एक पान साधारण १५ एमबी होतं, म्हणजे १०० पानांचा अंक दीड जीबी. त्रैमासिकाचे तीस वर्षांचे १२० अंक १८० जीबीत बसतात, तेव्हा जागा वाचवायला जेपेगकडे वळायचं कारण नाही. ओसीआरसाठी, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढण्यासाठी, टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरला मराठीचं भाषा-पॅक द्या आणि निघालेला मजकूर माणसाकडून वाचून घ्या.

वाचकांसाठीची प्रत पीडीएफ/ए या जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात करा. आयएसओ १९००५ या मानकातल्या या प्रकारात फॉन्ट फाइलच्या आतच असतात आणि फाइलला पासवर्ड घालता येत नाही. लिब्रेऑफिसमधून थेट काढता येते. बरोबर झाली का ते व्हेरापीडीएफ या मोफत साधनाने तपासा. देवनागरीबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्या: पीडीएफ/ए तपासणीत पास होऊनही कॉपी केल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडे होऊ शकतात. म्हणून प्रत्येक लेखाची संपादित ओडीटी किंवा डॉकएक्स फाइल आणि साधा यूटीएफ-८ (युनिकोडमधला) मजकूरही सोबत ठेवायचा. आकडेवारीच्या एक्सेल फाइलची सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या कोष्टकाची) प्रतही काढून ठेवा.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता: पत्रिकेचं लघुरूप, वर्ष, अंक, लेखाचं पहिलं पान. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ असली नावं नकोत.

प्रत्येक लेखाची नोंद करताना शीर्षक, लेखक (देवनागरीत आणि रोमनमध्ये), वर्ष, अंक, पानं आणि भाषा भरा. भाषेच्या रकान्यात अहिराणीला तिचा स्वतंत्र आयएसओ कोड (आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत) द्या, मराठीत ढकलू नका. छापलेलं बदलू नका: जुन्या अंकात ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असेल तर तसंच लिहा आणि २०१८पासूनचं बहिणाबाई चौधरींचं नाव वेगळ्या रकान्यात घाला. जुन्या अंकावर नुसता शक असेल तर ७८ मिळवून इसवी सन निघतो, पण माघ-फाल्गुनाला बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८५४चा फाल्गुन १९३३मध्ये येतो. इथली एका वर्षाची चूक पुढे प्रत्येक संदर्भात उतरत जाते.

आता प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली किमान एक दुसऱ्या गावी. एक जळगावात, एक धुळ्याला किंवा नंदुरबारला, तिसरी खानदेशाबाहेरच्या सर्व्हरवर. दोन्ही हार्ड डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. कपाटात ठेवायला एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) नको: वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला विद्युतभार हळूहळू उतरतो आणि उष्णतेने तो आणखी लवकर उतरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली टाळा. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, तळमजल्यावर. कायम संगणकाला जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं की दोन्ही एकदमच जातात.

प्रती केल्या त्याच दिवशी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढा. ही ६४ अक्षरांची ओळख असते आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. दर सहा महिन्यांनी डिस्क जोडून चेकसम पुन्हा काढा आणि जुन्या यादीशी जुळवा. न जुळलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून लगेच बदला. फाइली आणि त्यांची चेकसम-यादी एका फोल्डरमध्ये बांधायला बॅगइट ही ठरलेली पद्धत आहे. पाच वर्षं झाली की डिस्क चालू असली तरी नवी घ्या.

पत्रिका ओजेएसवर (ऑनलाइन पत्रिका चालवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरवर) असेल तर बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: डेटाबेस, फाइल्सचा फोल्डर (तो बहुधा वेबसाइटच्या फोल्डरबाहेर असतो) आणि पब्लिक फोल्डर; शिवाय कॉन्फिग फाइल. डेटाबेस राहून गेला तर हाती उरतात निरर्थक नावांच्या पीडीएफ आणि कोणता लेख कुणाचा हे कळायला मार्ग नसतो. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उभा करून पाहा. उभा न राहणारा बॅकअप नसल्यासारखाच.

आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेल्या, ओजेएसवर चालणाऱ्या पत्रिकांसाठी पीकेपी प्रिझर्व्हेशन नेटवर्क ही ओजेएस बनवणाऱ्यांची जतनसेवा मोफत आहे. प्लगइन सुरू करून अटी मान्य केल्या की अंकाच्या प्रती स्टॅनफर्डच्या लॉक्स तंत्राने अनेक ठिकाणी ठेवल्या जातात आणि त्या एकमेकींशी ताडल्या जातात. पत्रिका बंद पडली तरच त्या वाचकांसाठी उघडतात. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) घेतला म्हणजे जतन झालं असं अनेकांना वाटतं. तो फक्त पत्ता सांभाळतो, फाइल नाही. शोधगंगा हे ऑनलाइन भांडार पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी आहे, पत्रिकांतल्या लेखांसाठी नाही.

हक्कांचं काम सोबतच उरका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. हक्क सोपवण्याचा करार लेखी असावा लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. ज्या छापील अंकाची प्रत सार्वजनिक, बिगर-व्यापारी ग्रंथालयाकडे आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला कायदा मुभा देतो; ती वेबसाइटवर टाकायला मात्र लेखकाची किंवा वारसांची परवानगी हवी. नव्या लेखांसाठी स्वीकृतिपत्रासोबतच लेखी संमती घ्या.

डोमेन आणि क्लाउडचं खातं कुणा प्राध्यापकाच्या खासगी ईमेलवर काढू नका. त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की नूतनीकरणाची सूचना भलत्याच ठिकाणी जाते आणि साइट बंद पडते. संस्थेचा ईमेल द्या. प्रती कुठे आहेत, पासवर्ड कुणाकडे आहेत, डोमेनची मुदत कधी संपते आणि पुढची चेकसम तपासणी कधी, हे एका कागदावर छापून ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. ग्रंथपाल बदलले की नव्या ग्रंथपालांची त्यावर सही घ्या.