म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन जंगलात एक रात्र: बेळगावहून दांडेली-गणेशगुडी

मुलांना जंगलात मुक्कामाला न्यायचं ठरलं की त्याआधीचा एक रविवार बेळगावजवळच्या भुतरामहट्टीला द्या. राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय हायवेला लागूनच आहे, विद्यापीठाच्या शेजारी. तिथं वाघ-सिंह पोटभर बघू देत, पिंजऱ्यासमोर हवं तितका वेळ उभं राहू देत. दांडेलीच्या जंगलात वाघ आहेत, पण बहुतेकांना ते दिसत नाहीत. वाघाची हौस आधीच फिटलेली असली की पोरं शेकरूकडे, गव्याकडे, धनेशाकडे नीट बघतात. नाहीतर सगळी सफारी "आई, वाघ कधी येणार गं?" यातच संपते. मी शाळेत शिकवते. सहलीत पोरांचं हेच बघत आले आहे.

घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल आणि त्याला प्राणी दिसायलाच हवेत, असं असेल तर दांडेली थोडी वर्षं थांबू दे. त्यापेक्षा राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत बेंगळूर गाठा आणि बन्नेरघट्ट्याला राहा. तिथं प्राणी उद्यानातच सरकारी जंगल लॉजेसचा तंबूंचा कॅम्प आहे. सफारीत वाघ, सिंह, अस्वल जवळून दिसतात, शिवाय फुलपाखरू उद्यान आहे. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं.

बाकी सगळ्यांनी खुशाल दांडेली-गणेशगुडीला, काळी नदीच्या काठी जावं. राहायला तिथं शेकड्यांनी रिसॉर्ट झाले आहेत. पोहण्याचा तलाव, झुंबरं, बुफे, सगळं मिळतं. पण फोन करून एकच प्रश्न विचारा: "रात्री गाणी लावता का?" उत्तर देताना समोरचा अडखळला तरी ते ठिकाण सोडा. आम्ही एका रिसॉर्टमध्ये रात्री साडेअकरापर्यंत डीजे ऐकत बसलो होतो. सासूबाईंना डोळा लागला नाही आणि जंगलाचा एक आवाज कानावर आला नाही. एवढे पैसे मोजून जायचं ते कशासाठी? जंगलातली रात्र आणि त्यानंतरची पहाट यासाठी. गरम पाणी, स्वच्छ कमोड, कोरडं अंथरूण आणि शांतता, एवढं असलं की माझ्या लेखी ते पंचतारांकित.

म्हणून मी दोन ठिकाणं सुचवते, दोन्ही जंगल लॉजेसचीच. ही कर्नाटक सरकारची कंपनी 1980 पासून आहे. पहिलं ठिकाण दांडेलीत नदीकाठचा काळी ॲडव्हेंचर कॅम्प. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर हेच घ्या. गाव जवळ, दवाखाना जवळ. दुसरं गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायला जे कोठार होतं, तेच हे. हमरस्ता सोडून झाडीत आत जावं लागतं आणि साधेपणा जास्त आहे, पण पाखरांसाठी याच्यासारखी जागा आपल्या भागात दुसरी नाही.

बुकिंग माणशी असतं, खोलीवर नाही. त्यात जेवण, राहणं आणि ठरलेले उपक्रम धरलेले असतात. मुलांचा दर वेगळा लागतो, तेव्हा सगळ्यांची आधार कार्डं बरोबर ठेवा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारा: खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, आणि सफारी पॅकेजमध्येच आहे की वेगळी.

तारखांचा घोळ आपल्या सीमाभागातल्या घरांना चांगलाच ठाऊक आहे. आपल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी, कोल्हापूर-पुण्याच्या भाचरांना दिवाळीची. सगळी एकत्र न्यायची तर दिवाळीचे तीन-चार दिवसच जुळतात, आणि तेव्हाच तिथं पाय ठेवायला जागा नसते. नाताळचा आठवडाही तसाच. फेब्रुवारीतला साधा बुधवार-गुरुवार धरा. एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल, हे मी शिक्षिका असून सांगते. तेव्हा पहाटे गारवा असतो आणि रान सुकायला लागल्यामुळे पाखरं पाण्यावर येतात. जून ते सप्टेंबर लहान मुलं घेऊन जाऊ नका. पाऊस धो-धो, रस्त्यांवर चिखल, पायाला जळवा.

बेळगावहून खानापूर, रामनगर, जगलबेट करत गेलात तर अडीच-तीन तास लागतात. रामनगरला चहाला थांबाल तेव्हा मुलांना सांगा की धरणात बुडालेल्या गावांतल्या लोकांना इथं वसवलं. काळी नदीवरचं सुपा धरण 101 मीटर उंच आहे, 1987 मध्ये ते पूर्ण झालं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं. आपल्यासारखीच मराठी-कोंकणी बोलणारी माणसं होती ती. पुढे पुलावरून धरणाची भिंत दिसते तेव्हा पोरं वेगळ्या नजरेनं बघतात.

दुपारच्या जेवणाला पोचा. अंधारात जंगलातला रस्ता नको. गवे रस्त्यावरच उभे असतात. कॅम्पमधल्या माणसांना मराठी कळते, त्यामुळे आजी-आजोबांना परकं वाटत नाही.

सामान थोडं, पण नेमकं. प्रत्येकाला स्वतःची बॅटरी, अगदी सहा वर्षांच्या मुलालाही. कानटोपी आणि शाल, कारण पहाटेच्या उघड्या जीपमध्ये वारा कानात शिरतो. मातकट, हिरवे, करडे कपडे. पांढरा सदरा आणि लाल फ्रॉक घरी. अत्तर, सुवासिक तेल लावू नका. रोजच्या गोळ्या दोन दिवस पुरतील त्यापेक्षा जास्त घ्या. फोनला रेंज येते-जाते, म्हणून घरी राहिलेल्यांना कॅम्पचा नंबर देऊन ठेवा. खायला भाकरी, शेंगाची चटणी, मुलांसाठी थोडा मेतकूट-भात चालेल. कुंदा न्यायचा तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा खोलीत उघडा ठेवू नका. मुंग्या रात्री येतात, माकडं दिवसा.

नदीचं एक स्पष्ट सांगते. दांडेलीजवळच्या पात्रात मगरी आहेत. पाणी संथ दिसतं, काठ छान वाटतो, पण पोरांना पाय बुडवायलाही सोडू नका. तराफ्यातून जायचं असेल तर गणेशगुडीला, जॅकेट घालून, वाटाड्याबरोबरच. तेही धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं असेल तरच होतं, म्हणून सकाळी चौकशी करा आणि मुलांना आधी कबूल करून बसू नका.

संध्याकाळच्या सफारीत आजींना मधल्या रांगेत बसवा. मागच्या चाकावरची जागा कंबर मोडते. जीप उंच असते, चढायला स्टूल मागा, देतात. काळी व्याघ्र प्रकल्प म्हणजे पूर्वीचं दांडेली-अणशी. 2007 मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. काळ्या बिबट्यासाठी हे जंगल प्रसिद्ध आहे. ड्रायव्हर गाडी थांबवेल तेव्हा बोट दाखवून ओरडायचं नाही, समोरच्याच्या खांद्याला हात लावायचा. हा खेळ घरी अंगणात खेळून घ्या, पोरं मनापासून पाळतात.

रात्रीचं जेवण लवकर आटपा. मग सगळ्यांनी व्हरांड्यात बसायचं, दिवे बंद, फोन पालथे. पहिली काही मिनिटं पोरं चुळबुळतात. त्यानंतर कान उघडतात. रातवा पक्षी "चक्-चक्-चक्" असं ठोके दिल्यासारखं बोलतो, घुबड दोनदा हुंकारतं, लांब कुठंतरी सांबर खणखणीत ओरडतं. सासूबाईंनी त्या रात्री मुलांना खानापूरच्या त्यांच्या माहेरच्या रानाच्या गोष्टी सांगितल्या, ज्या आम्ही घरी कधीच ऐकल्या नव्हत्या. टीव्ही चालू असलेल्या घरात त्या निघाल्याच नसत्या. अर्ध्या तासाने झोपायला जा. खोलीकडे जाताना पायाखाली उजेड पाहिजेच, वाटेवर साप असू शकतो. चपला-बूट आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला, विंचू आत शिरतात.

पहाटे साडेपाचला उठवा. कुरकुर झाली तरी उठवा.

मॅगझिन हाऊसला राहिलात तर सकाळचा सगळा वेळ पाखरांच्या पाण्याजवळ द्या. दगड मांडून केलेली उथळ थाळी, हात बुडेल न बुडेल एवढं पाणी, समोर आडोसा. आडोशामागे स्टुलावर बसायचं आणि हलायचं नाही. आधी बुलबुल येतो, पिवळ्या अंगाचा, गळ्याशी लालभडक ठिपका असलेला. तो काठावर बसतो, चारदा मान वळवतो, मग छाती बुडवून पंख असे फडफडवतो की पाणी आडोशापर्यंत उडतं. नारिंगी डोक्याचा कस्तुर चालत येतो, पानं उलटत. शामा आला की लांब शेपटी भिजू नये म्हणून वर धरतो. नशीब असेल तर कर्णा दिसतो, लाल पोटाचा, फांदीवर निश्चल. फोटो काढणारी माणसं तिथं तासन्‌तास बसतात, त्यांच्या पुढे जाऊ नका. मोठ्या मुलाला वही-पेन्सिल द्या. पाखराचा रंग, चोच, काय केलं एवढं लिहू दे. नावं नंतर विचारता येतात.

परतताना दांडेलीच्या लाकूड डेपोत डोकवा. गेटवर परवानगी घ्या. सकाळी लवकर तिथल्या उंच झाडांवर धनेश येतात. पश्चिम घाटात सापडणाऱ्या धनेशांच्या चारही जाती या भागात आहेत. राजधनेश डोक्यावरून गेला तर पंखांचा आवाज जमिनीवर ऐकू येतो. मान वर करायला सगळ्यांना वेळ मिळतो, आजींनासुद्धा.

घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका. सगळ्यांची मान, काखा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे नीट तपासा. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, चुना, काडी लावू नका. पश्चिम घाटात गोचिडीतून माकडताप होतो. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा सापडला, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असतो. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत कुणाला जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली तर घरच्या घरी गोळी देऊन वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा आणि आम्ही जंगलात मुक्काम केला होता, हे आधी सांगा.