खड्डा खणायला निघालात? मार्कर घेतला का?

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांत शनिवार-रविवार बघून गावकरी आणि माझ्यासारखे हौशे टेस्ट पिट खणतात. कुणाच्या तरी परसात एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा घ्यायचा, दहा-दहा सेंटिमीटरने खाली जायचं आणि निघालेली सगळी माती चाळायची. मध्ययुगात गाव कुठे नांदत होतं ते खापरांवरून कळतं. गेल्या वर्षी पूर्व इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लियातल्या एका खेड्यात मी दोन दिवसांच्या कामाची अक्षरशः माती केली. यंदा पुन्हा जातेय, म्हणून ही यादी.

बूट, रेनकोट, टोपी, डबा, हे सांगायला नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. गुडघ्यांखाली बागकामाची फोमची गादी हवीच. घरातली उशी नेऊ नका. माझी तासाभरात चिखल पिऊन बसली.

मार्कर. काळा, पाण्याने न पुसला जाणारा. जेल पेन नाही, बॉलपेन नाही. दोन घ्या.

ट्रॉवेल चार इंची, पातं आणि दांडा एकसंध असलेली. गवंड्याची मोठी थापी नको, तिने थर खरवडला न जाता उकरला जातो. हिरवळ चौकोन कापून काढा आणि ताडपत्रीवर त्याच क्रमाने मांडा. यजमानीणबाई खिडकीतून बघत असतात.

चाळणीपाशी सगळ्यात जास्त वेळ जातो. ईस्ट अँग्लियातली चिकणमाती ओली असली की चाळली जातच नाही, बोटांनी चुरावी लागते. अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. वरच्या थरांत निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे आणि चिलमींच्या पांढऱ्या दांड्या निघतात. त्या दांड्या खडूच्या तुकड्यांसारख्या दिसतात, फेकू नका. खाली गेलं की शिंपल्यांचा चुरा मिसळलेली करडी-तपकिरी खापरं लागू शकतात, हाताला साबणासारखी. दहाव्या-अकराव्या शतकातली. मला अशी सात मिळाली होती.

आणि ती सात मी घालवली. पिशवीवर खड्ड्याचा नंबर जेल पेनने लिहिला होता. गावच्या हॉलमध्ये धुताना ओल्या हातांनी पिशवी धरली, आकडा निळा ओघळ होऊन गेला. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या परसातला ट्रे होता, वाळवताना दोन्ही एक झाले. खापरांच्या जाणकार बाईंनी बोट फिरवून काळ सांगितला, मग विचारलं, ‘कुठल्या खड्ड्यातली?’ मी गप्प.

म्हणजे नुसतं जुनं खापर, कुठलंच नाही. पुरातत्त्वज्ञ केरेन्झा लुईस यांनी ५५ खेड्यांतल्या २,०००हून जास्त अशा खड्ड्यांची खापरं मोजून २०१६ साली दाखवलं, की १३४८-४९च्या प्लेगनंतर पूर्व इंग्लंडमध्ये खापरांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलं होतं. ही मोजणी उभी राहते ती पिशवीवरच्या नंबरावर! तेव्हा लिहा: गाव, खड्डा, खोली, तारीख, आपली आद्याक्षरं. पिशवीवर एकदा, आत प्लास्टिकच्या चिठ्ठीवर एकदा. धुवायला ओतलं की चिठ्ठी ट्रेमध्ये, खापरांबरोबर. ‘नंतर लिहू’ म्हणू नका. नंतर पाऊस येतो.

माणसाचं हाड वाटलं तर हात थांबवा, प्रमुखाला हाक मारा. १.२ मीटरच्या खाली उतरायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पुढचं थोडक्यात. खापरं टूथब्रशने धुवा, धातू धुवू नका. खड्ड्याच्या कडेचं रेखाटन, फोटो. माती परत, तुडवा, हिरवळ लावा, पाणी. बादल्या मोजून द्या. मार्करला टोपण लावा, नाहीतर रविवारी सकाळी तो सुकलेला असतो. दोन घ्या म्हटलं ते म्हणूनच.