डायनॅमोडीबीसमोर डॅक्स कॅशे जोडताना

ॲमेझॉनच्या क्लाउडवरील डायनॅमोडीबी ही डेटाबेस सेवा एरवीही एका नोंदीचे उत्तर काही मिलिसेकंदांत देते. त्यामुळे तिच्यासमोर कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी तात्पुरती साठवण, खरोखर हवी आहे का, हे आधी ठरवावे. ऑनलाइन पुस्तकांच्या दुकानात शीर्षक, लेखक, किंमत ही माहिती सतत वाचली जाते आणि क्वचितच बदलते. अशा ठिकाणी डॅक्स ही डायनॅमोडीबीसाठीच तयार केलेली, मेमरीत चालणारी कॅशे फार उपयोगी पडते, कारण तिच्यात आधीच असलेली नोंद मायक्रोसेकंदांत मिळते आणि मूळ टेबलावरील वाचनाचा भारही हलका होतो. मात्र ज्या ॲप्लिकेशनमध्ये वाचण्यापेक्षा लिहिणेच जास्त आहे, किंवा प्रत्येक वाचन अगदी ताजेच लागते, तिथे तिच्या नोड्सचे (ती चालवणाऱ्या सर्व्हरचे) भाडे भरण्यात अर्थ नाही.

क्लस्टर, म्हणजे अशा नोड्सचा गट, तयार करताना दोन निर्णय नीट विचार करून घ्यावेत. पहिला नोड्सच्या संख्येचा. चाचणीसाठी एक नोड चालतो, पण प्रत्यक्ष वापरासाठी निरनिराळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (एकमेकांपासून स्वतंत्र डेटा सेंटरांमध्ये) मिळून किमान ३ नोड ठेवावेत, म्हणजे एखादा बंद पडला तरी सेवा सुरू राहते. दुसरा निर्णय एन्क्रिप्शनचा. साठवलेल्या माहितीचे आणि प्रवासातील माहितीचे एन्क्रिप्शन क्लस्टर बनवतानाच निवडावे लागते. नंतर ते बदलता येत नाही आणि नवे क्लस्टर उभारावे लागते.

परवानग्यांचा भाग सर्वांत जास्त काळजीने करावा, कारण इथे दोन स्वतंत्र ओळखी काम करतात. ॲप्लिकेशनच्या ओळखीला डॅक्स वापरण्याची परवानगी लागते, तर डायनॅमोडीबीच्या टेबलापर्यंत क्लस्टर स्वतःच्या वेगळ्या रोलने (स्वतःच्या परवानग्या असलेल्या ओळखीने) पोहोचते. याचा परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ज्या वापरकर्त्याला मूळ टेबल वाचण्याची परवानगी मुळीच नाही, तोही डॅक्समार्फत ते वाचू शकतो, जर त्याला क्लस्टर वापरता येत असेल आणि क्लस्टरच्या रोलला ते टेबल खुले असेल. डॅक्सच्या पॉलिसीत परवानगी क्लस्टरवर दिली जाते, एखाद्या टेबलावर नाही. म्हणून क्लस्टरच्या रोलला सगळी टेबले सरसकट मोकळी करून देऊ नयेत. पुस्तकांच्या तपशिलांचे टेबल आणि ग्राहकांच्या पत्त्यांचे टेबल एकाच क्लस्टरमागे ठेवण्यापेक्षा त्यांची क्लस्टरे वेगळी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या रोलमध्ये फक्त आपल्या टेबलाचे नाव लिहावे.

यानंतर नेटवर्क. डॅक्स व्हीपीसीच्या, म्हणजे क्लाउडमधील आपल्या खासगी नेटवर्कच्या, आत राहते, त्यामुळे ॲप्लिकेशनही त्याच व्हीपीसीत किंवा तिच्याशी जोडलेल्या नेटवर्कमध्ये असावे लागते. लॅम्डा फंक्शन (स्वतः सर्व्हर न सांभाळता चालवायचा कोड) वापरत असाल तर तेही व्हीपीसीला जोडावे. क्लस्टरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोणत्या जोडण्यांना परवानगी आहे ते ठरवणाऱ्या नियमांत) ८१११ हा पोर्ट उघडावा, आणि प्रवासातील एन्क्रिप्शन निवडले असेल तर ९१११. परवानगी देताना आयपी पत्ते लिहीत बसण्याऐवजी ॲप्लिकेशनचा सिक्युरिटी ग्रुपच स्रोत म्हणून द्यावा, म्हणजे सर्व्हर वाढले किंवा बदलले तरी नियम तोच राहतो. जोडणी होत नसेल तेव्हा आधी त्रुटीचे स्वरूप पाहावे: विनंती बराच वेळ अडकून मग टाइमआउट होत असेल तर पोर्ट किंवा नेटवर्क तपासावे, आणि नकार लगेच येत असेल तर परवानग्या.

कोडमध्ये बदल थोडाच असतो. आपल्या भाषेसाठीची डॅक्सची क्लायंट लायब्ररी घ्यावी आणि नेहमीच्या डायनॅमोडीबी क्लायंटच्या जागी तिचा क्लायंट बनवून त्याला क्लस्टरचा एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) द्यावा. नोंद वाचण्या-लिहिण्याच्या हाका जवळपास तशाच राहतात. एखाद्या नोडचा पत्ता कोडमध्ये पक्का लिहू नये. क्लस्टरच्या एंडपॉइंटवरून क्लायंट सगळे नोड स्वतः शोधून घेतो. एंडपॉइंट सेटिंग्जमधून वाचावा. क्लायंट एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरावा, दर विनंतीला नवा बनवू नये. टेबल तयार करणे, बदलणे अशी कामे डॅक्स करत नाही, त्यांच्यासाठी साधा क्लायंट शेजारी ठेवावा लागतो.

खरी गुंतागुंत कॅशेतील माहिती किती ताजी आहे यात आहे. डॅक्समध्ये एकेका नोंदीची आणि क्वेरीच्या (अनेक नोंदी शोधणाऱ्या विनंतीच्या) निकालांची अशा दोन कॅशे असतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. समजा, एका पुस्तकाची किंमत डॅक्समार्फतच २५० रुपयांवरून ३०० केली. आधी डायनॅमोडीबीत आणि मग नोंदींच्या कॅशेत नवी किंमत लिहिली जाते. पण त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांची यादी आधीच क्वेरी कॅशेत असेल, तर यादीत २५० रुपयेच दिसत राहतील, ते तिची मुदत संपेपर्यंत. ही मुदत मुळात ५ मिनिटांची असते आणि पॅरामीटर ग्रुपमध्ये (क्लस्टरच्या सेटिंग्जच्या संचात) बदलता येते. नोंदींच्या कॅशेची मुदत शून्य केल्यास कॅशे बंद होत नाही. उलट जागेअभावी नोंद बाहेर पडेपर्यंत किंवा डॅक्समधून ती पुन्हा लिहिली जाईपर्यंत जुनीच राहते.

डॅक्स ‘अशी नोंद नाही’ हे उत्तरही लक्षात ठेवते. नवे पुस्तक येण्याआधी कोणी त्याचा क्रमांक शोधला आणि नंतर रात्रीच्या एखाद्या जॉबने ते थेट डायनॅमोडीबीत घातले, तर मुदत संपेपर्यंत ग्राहकाला ते सापडणार नाही. म्हणून लेखनाचे सगळे मार्ग शक्यतो डॅक्समधूनच न्यावेत. पैसे घेण्याआधी शिल्लक प्रती तपासण्यासाठी मात्र स्ट्राँगली कन्सिस्टंट, म्हणजे सर्वांत ताजे उत्तर देणारे, वाचन मागावे. ते थेट डायनॅमोडीबीकडे जाते आणि त्याचा निकाल कॅशेत ठेवला जात नाही.

जोडणी झाल्यावर तीच नोंद काही वेळा वाचून क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत नोंदींच्या कॅशेचे हिट (नोंद कॅशेत सापडली) आणि मिस (सापडली नाही) पाहावेत. हिट शून्यावरच असतील, तर कोडमधील सगळी वाचने स्ट्राँगली कन्सिस्टंट तर नाहीत ना, किंवा एखादा जुना क्लायंट अजून थेट टेबलाशीच बोलत नाही ना, हे आधी तपासावे.