लॉक मीटरचं फुगलेलं बिल कमी करून घेताना

पुण्यात पार्किंगमधल्या विजेच्या मीटरच्या जाळीला कुलूप असलं की रीडिंग राहतं आणि सरासरी बिलं येत राहतात. मग एके महिन्यात सगळी युनिट्स एकदम. माझं बिल असंच फुगलं होतं. गोम दरात नसते, स्लॅबमध्ये असते, म्हणजे युनिट्सच्या टप्प्यांत: वरचा टप्पा, तेवढा दर चढा.

समजा चार महिन्यांची ७२० युनिट्स आहेत. एकाच महिन्यात धरली तर २२० युनिट्स पाचशेच्या वरच्या, सगळ्यात महाग दराने लागतात. चारांत वाटली तर महिन्याला १८०, म्हणजे १०० पहिल्या स्लॅबमध्ये, ८० दुसऱ्यात. वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात द्यायच्या अर्जात हा हिशेबच मांडायचा आणि आधी भरलेली सरासरी बिलं वजा करून मागायची. सोबत मीटरचा फोटो: आकडा आणि मीटर क्रमांक एकाच चौकटीत. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का हवाच, तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

वाद सुरू असताना पैसे अडवू नका. वीज कायदा २००३, कलम ५६ नुसार वादग्रस्त रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरली की वीज तोडता येत नाही. तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस लागतेच.

उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. पुण्यासाठी तो मुंबईचा. थेट वीज नियामक आयोगाकडे धाव घेऊन उपयोग नाही. आयोग दर आणि नियम ठरवतो, एकेकाचं बिल तपासत नाही.