रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांसाठी

आमच्या वसईत ख्रिस्ती जीवनाबद्दल सांगणाऱ्यांची वानवा नाही. चर्चमध्ये रोजची मिस्सा, म्हणजे उपासना, आहे, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, इस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात बाहेरगावचे फादर येऊन प्रवचनं देतात. सोमवारी पहाटे फुलांच्या वाडीत उतरल्यावर काय करायचं, हे मात्र मला सासूबाईंनी शिकवलं. आता सुना आणि भाच्या विचारतात, म्हणून लिहून ठेवते. आधी हिशोब, मजुरी आणि भाऊबंदकी बघा. जपमाळ किती म्हणता ते मग बघू.

जास्वंदीची कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणून आम्ही अंधारातच बॅटरी घेऊन निघतो. खुडता खुडता रोजरी, म्हणजे जपमाळ, म्हणा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. मी नाही सांगणार. कळ्या मोजायच्या की माळेतल्या ‘नमो मरिया’ प्रार्थना? दोन्हींचा घोळ होतो आणि दादरच्या फुलबाजारात पुडी कमी भरते. माळ संध्याकाळी, टीव्ही बंद करून, सगळे घरात असताना. पाचही रहस्यं, म्हणजे माळेचे पाचही भाग, जमत नसतील तर एकच म्हणा, पण सुरुवात घरातल्या धाकट्याला करू द्या. खुडताना फक्त एकेका झाडापाशी एकेक नाव घ्यायचं: आजारी शेजारीण, आखातात गेलेला मुलगा, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो. तिसरं नाव घशात अडकतं. त्याचं पुढे सांगते.

मग पुड्या बांधायच्या. बाजारात पुडी सोडून कुणी कळ्या मोजत बसत नाही, सगळा व्यवहार भरवशावर. कालच्या उरलेल्या कळ्या फ्रिजमध्ये बऱ्या राहतात. त्या आत घालून वरून ताज्या लावल्या तर गिऱ्हाइकाला घरी पोचेपर्यंत पत्ता लागत नाही. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात खरा तराजू, खरी वजनं, खरी मापं ठेवा अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि पुडी हे आपलं माप. शिळ्या कळ्या वेगळ्या बांधा, शिळ्या म्हणून सांगा, मिळेल त्या भावाला द्या. नाही गेल्या तर खताच्या खड्ड्यात. गणपतीत सोनचाफ्याचा भाव चढतो तेव्हा चढा भाव घ्यायला माझी ना नाही. पण वर्षभर घेणाऱ्या बाईला आधी एक भाव सांगून ठेवला असेल, तर त्या दिवशीही तोच लावायचा.

आपली फुलं गणपतीला, देवीला जातात, हे चालतं का, असं एका भाचीने विचारलं होतं. न चालायला काय झालं? दुसऱ्याच्या पूजेला ताजं फूल द्यावं, यात आपला धर्म कुठे बुडतो? आणि धंद्याला कमी लेखू नका. आपला संत गोन्सालो गार्सिया फादर नव्हता. वसईत जन्मला, पूर्वेकडे जाऊन त्याने व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर (व्रत घेतलेला, पण धर्मगुरू नसलेला) झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. हे पोरांना सांगा, त्यांना वाटतं संत म्हणजे झगा घातलेलेच.

आता मजुरी. आपल्या वाड्यांत जव्हार-मोखाड्याची माणसं राबतात. ‘शनिवारी एकदम देतो’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी, मग तो आपला असो की परका, सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय. कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. म्हणून संध्याकाळी हात-पाय धुवायच्या आधी पैसे हातात. फोनवरून पाठवत असाल तर खातं कुणाचं ते विचारा. बाईची मजुरी नवऱ्याच्या नाहीतर मुकादमाच्या खात्यात गेली, तर ती तिला मिळालीच असं धरून चालू नका.

आणि तो कप. ओट्याच्या टोकाला, नाहीतर विहिरीच्या कठड्यावर, कान तुटलेला स्टीलचा एक कप पालथा घातलेला असतो ना, मजुरांचा? तो भंगारात घाला. घरातल्या कपात चहा द्या आणि तुमच्या कपांबरोबरच विसळा. घरातली म्हातारी कुरकुर करेल. करू द्या.

उपवासाचं थोडक्यात. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपवासाचे दिवस, वयाच्या १८ पासून साठावं लागेपर्यंत सक्तीचे. मांस वर्ज्य मात्र १४ पूर्ण झालेल्या सगळ्यांना, माझ्यासारख्या म्हातारीलाही. मासळी चालते, पण समुद्रकाठच्या माणसाने मटण सोडून सुरमईची तुकडी तळली, तर त्यात कसलं प्रायश्चित्त? शुक्रवारी डाळ-भात करा, मासळीचे वाचलेले पैसे डब्यात टाका, आणि इस्टरआधी कुणाच्या औषधपाण्याला द्या. कुणाला दिले ते कॉलनीभर सांगू नका.

आता ते तिसरं नाव. जमिनीला भाव आल्यापासून बांधावरून, वाटेवरून, विहिरीच्या वाट्यावरून आपल्याकडे कुठलं घर सुटलंय? बायबलमधल्या ‘मत्तय’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मिस्सात शांतीची खूण करताना आपण अनोळखी माणसाशी हसून हात जोडतो, आणि तीन बाकं पुढे सख्खा दीर बसलेला असतो.

जायचं तर शनिवारी संध्याकाळी, त्याच्या घरी. चर्चच्या पायरीवर नको, तिथे चार जण बघतात आणि दोघांनाही नाटक करावं लागतं. मध्यस्थ नको. रिकाम्या हाताने नको. वाडीतली केळ्यांची एक फणी पुरे. पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकून घ्यायचं, नकाशा दाखवायचा नाही. गुडघेदुखी, मुलांच्या परीक्षा, यंदाचा पाऊस, एवढं बोलून उठायचं. दार उघडलं नाही तर फणी ओट्यावर ठेवून यायचं आणि पुढच्या शनिवारी परत.

समेट म्हणजे हक्क सोडणं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. दावा चालू असेल तर चालू राहू दे, वकिलाला त्याचं काम करू दे. पण लग्नाचं आमंत्रण गेलं पाहिजे, मयताला खांदा दिला पाहिजे, आणि त्याच्या पोरांनी वाडीतून जाताना मान खाली घालायला लागू नये. बोलणं सुरू झालं की तारखेला दोघांनी एकाच रिक्षाने कोर्टात जायलाही हरकत नाही. भाडं अर्धं अर्धं.