सीपी गप्प बसतं म्हणून मी घाबरलो

मी खानापूरचा. डिप्लोमा झाला आणि बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसात सर्व्हर बघायच्या कामाला लागलो, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स म्हणजे तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलेलं. दुसऱ्याच आठवड्यात सर म्हणाले, क्लायंटच्या साईटचं अपलोड्स फोल्डर बॅकअपला कॉपी करून ठेव आणि मग जा.

लिनक्सवर कॉपी करायची कमांड म्हणजे सीपी. फोल्डरला नुसतं सीपी चालत नाही, आतल्या सगळ्यासकट घ्यायला डॅश आर लागतो, एवढं येत होतं. पण सीपी काम करताना एक अक्षर बोलत नाही हे माहीत नव्हतं. पाच मिनिटं कर्सर नुसता लुकलुकतोय, मला वाटलं हँग झालं, कंट्रोल सी दाबून ते थांबवलं आणि वरचा ॲरो दाबून तीच कमांड परत मारली. इथंच घोळ झाला की. पहिल्या वेळी बॅकअप नावाचं फोल्डर नव्हतं म्हणून सीपीने ते तयार करून त्यात फाईली टाकल्या, दुसऱ्या वेळी ते आधीच होतं म्हणून त्याच्या पोटात आणखी एक अपलोड्स करून सगळं पहिल्यापासून सुरू. डिस्क फुल, साईट बंद. सरांनी कन्नडात दोन शब्द ऐकवले, मग मराठीत चार, आणि माझी बस गेली ती गेलीच.

तेव्हा आधी डीयू डॅश एसएच मारून फोल्डर केवढं ते बघा, डीएफ डॅश एच मारून जागा किती ते बघा, मगच हात लावा.

दुसरा फटका महिन्याभराने. साईट नवीन डिस्कवर हलवली, रूटने म्हणजे सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन खात्यातून, परत सीपी डॅश आर. साईट दिसत होती पण क्लायंटला फोटो चढवता येईनात, कारण सगळ्या फाईलींचा मालक रूट झालेला. जमीन तीच पण उताऱ्यावर नाव भलत्याचं, तसला प्रकार. डॅश आर ऐवजी डॅश ए लावला असता तर मालक, परमिशन, तारखा सगळं जसंच्या तसं आलं असतं (मालक टिकवायला रूट मात्र पाहिजेच). आणि 'सगळ्या फाईली' म्हणून स्टार (*) लावून कॉपी करू नका, डॉटने सुरू होणाऱ्या फाईली मागेच राहतात, साईटच्या सेटिंगची एचटीॲक्सेस फाईल त्यातलीच.

मोठं काम असलं की मी आता आरसिंक डॅश ए वापरतो, ही कॉपीचीच दुसरी कमांड, मध्येच थांबलं तरी तीच कमांड परत मारायची, झालेल्या फाईली सोडून पुढचं करतं. फक्त स्लॅश सांभाळा. सोर्सच्या शेवटी स्लॅश असला तर आतला माल जातो, नसला तर फोल्डरसकट जातं. लिनक्सवरच्या सीपीला त्या स्लॅशचं काही पडलेलं नसतं, म्हणून सीपीची सवय असलेला माणूस इथं हमखास फसतो. डॅश एन लावलं की काय काय जाणार ते नुसतं दाखवतं, कॉपी करत नाही. डॅश डॅश डिलीट तर आधी डॅश एनने बघितल्याशिवाय कधीच मारू नका, सोर्समध्ये नसलेलं सगळं पलीकडून उडतं.

आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, कनेक्शन तुटलं की चालू कॉपीही मरू शकते. म्हणून आधी सर्व्हरवर टीमक्स उघडतो, कनेक्शन गेलं तरी त्यातलं काम चालूच राहतं, कॉपी लावतो, डिटॅच करून बाहेर पडतो आणि खानापूरची बस धरतो, घरी जेवण झालं की अटॅच करून बघायचं कुठवर आलंय.