पाण्याखालच्या रोबोटचे कॅमेरे: वायरिंगमधील या चुका टाळा

पावसाळा सरून पंचगंगेचे पाणी निवळू लागले की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये घरी बनवलेले पाण्याखालचे रोबोट दुरुस्तीला येऊ लागतात. बहुतेक रोबोट डिप्लोमाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे असतात. काही विहिरीतला फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) पाहता यावा म्हणून हौशी शेतकऱ्यांनी जुळवलेले असतात. पीव्हीसी पाइपची चौकट, तीन-चार मोटरी, सीसीटीव्हीचे किंवा गाडीच्या रिव्हर्सचे दोन-तीन कॅमेरे आणि काठावर एक मॉनिटर अशी साधारण रचना असते. तक्रारही ठरलेली असते: टेबलावर चित्र स्वच्छ होते, पाण्यात मोटर चालू केली की ते फाटते. माझ्यापर्यंत येण्याआधी या मंडळींनी दोन कॅमेरे आणि एक मॉनिटर बदललेला असतो, पण तारा एकदाही तपासलेल्या नसतात.

परतीची तार सामाईक ठेवणे

मोटरींची आणि कॅमेऱ्यांची मायनस एकाच तारेतून वर आणणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. एक तार वाचते आणि केबल हलकी राहते, एवढाच विचार त्यामागे असतो. मात्र आकडे मांडून पाहावेत. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे ३० मीटरला ०.२२ ओहम असतो. तीन मोटरींनी मिळून ९ अँपिअर घेतले तर या एकट्या परतीच्या तारेवर जवळजवळ २ व्होल्ट पडतात. ॲनालॉग कॅमेऱ्याचा संपूर्ण व्हिडिओ सिग्नल मात्र अवघा १ व्होल्टचा असतो. कॅमेरा ज्या तारेला शून्य मानतो, तीच सिग्नलच्या दुपटीने वर-खाली होत असेल, तर मॉनिटरने चित्र शोधायचे कुठे? मोटरीचा वेग पीडब्ल्यूएमने, म्हणजे पुरवठा भराभर बंद-चालू करून, नियंत्रित केलेला असला तर हे हेलकावे सेकंदाला हजारो वेळा बसतात आणि पडद्यावर सरकणारे पट्टे उमटतात. टेबलावर मोटर हवेत मोकळी फिरते आणि प्रवाह कमी घेते, म्हणून तिथे दोष लपून राहतो. पाण्यात पंख्यावर खरा भार आला की तो उघडा पडतो.

करवीर तालुक्यातील एका गावात उसाला पाणी देणारा पंप पाणी उचलेनासा झाला होता आणि फूटव्हॉल्व्हमध्ये काय अडकले आहे हे पाहण्यासाठी चार विद्यार्थी आपला रोबोट घेऊन तेथे गेले होते. समोरच्या कॅमेऱ्याचे चित्र कसेबसे दिसत होते. खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर गेले की ते सरकू लागे, आणि रोबोट एका जागी धरून ठेवायचा तर मोटरी बंद करून चालत नव्हते. दुपारी मला बोलावणे आले तेव्हा मुले दमलेली होती आणि विहिरीचे मालक काठावर बसून वाट पाहत होते. ‘‘सर, कॅमेराच डुप्लिकेट निघाला,’’ असे एकाने सांगितले. मी रोबोट वर काढून शेजारच्या हौदात असा धरला, की पंखे पाण्यात राहतील आणि कॅमेऱ्याचा डबा बाहेर राहील. मग कॅमेऱ्यांची प्लस आणि मायनस दोन्ही मोटरींच्या तारांपासून सोडवून त्यांना स्कूटरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जोडले. मोटरी पूर्ण वेगाने सुरू केल्या तरी चित्र हलले नाही. ‘डुप्लिकेट’ कॅमेरा पूर्णपणे चांगला होता. पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यांसाठी वेगळी तारांची जोडी टाकून ती मुले पुन्हा गेली, तेव्हा व्हॉल्व्हच्या जाळीला गुंडाळलेले गोणपाट त्यांना स्पष्ट दिसले.

हीच तपासणी मी आजही सर्वांत आधी करतो, कारण तिला दहा मिनिटे लागतात. कॅमेऱ्यांना बॅटरीपासून स्वतंत्र प्लस-मायनस न्यावी आणि दोन्ही मायनस एकत्र यायच्याच असतील तर त्या फक्त वर, बॅटरीच्या टर्मिनलवर याव्यात. केबलमध्ये तेवढ्या तारा नसतील तर रोबोटवर आयसोलेटेड डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर बसवावा, म्हणजे ज्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात असा. बाजारात मिळणारे साधे बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारे सर्किट) येथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी मायनस एकच असते. त्याऐवजी कपॅसिटर लावून भागवण्याचा आग्रह विद्यार्थी धरतात. कपॅसिटरमुळे पट्टे थोडे फिके होतात आणि मूळ दोष आणखी सहा महिने तसाच राहतो, म्हणून मी त्याला दुरुस्ती मानत नाही.

अंधारात कॅमेरा बंद-चालू होणे

दिवसा चालणारा कॅमेरा खोल पाण्यात दर काही सेकंदांनी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर केबलचा हिशेब करावा. नेटवर्कच्या कॅट-फाइव्ह केबलमधील एका तारेचा रोध ३० मीटरला सुमारे अडीच ओहम, म्हणजे जाऊन-येऊन ५ ओहम असतो. उजेडात दोन कॅमेरे मिळून ०.३ अँपिअर घेत असतील तर दीड व्होल्ट घटतो आणि काम निभावते. अंधार होताच इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रवाह ०.८ अँपिअरपर्यंत जातो, ४ व्होल्ट केबलमध्येच संपतात आणि १२ ऐवजी ८ व्होल्ट मिळालेला कॅमेरा रिसेट होतो. त्याचे दिवे विझले की व्होल्टेज सावरते, कॅमेरा उठतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. पुरवठ्यासाठी जाड तार वापरावी आणि व्होल्टेज मोजायचे ते दिवे लागलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाशी मोजावे. इन्फ्रारेड दिवे मी तसेही काढूनच टाकतो. पाणी इन्फ्रारेड प्रकाश फार लवकर शोषते आणि उरलेला ॲक्रिलिकच्या काचेवरून परतून लेन्सवर येतो. त्यांच्याऐवजी पांढरे एलईडी कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला बसवावेत. गढूळ पाण्यातील कण लेन्सशेजारच्या दिव्याने उजळले तर पडद्यावर धुक्याशिवाय काही दिसत नाही.

सिग्नलची तार आणि तिचे ग्राउंड केबलमधील एकाच पिळाच्या जोडीत असावे: निळी आणि पांढरी-निळी. निळी आणि नारिंगी घेतली तर पिळाचा सगळा फायदा वाया जातो. जोडीच्या दोन्ही टोकांना व्हिडिओ बलून (दोन्ही बाजूंचा मेळ घालणारा छोटा जोड) लावावा, कारण कॅमेऱ्याचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या सिग्नलला जाणवणारा रोध, ७५ ओहम आणि या जोडीचा १०० ओहम असतो.

कॅमेरे बदलण्याची पद्धत

सर्व कॅमेऱ्यांचे व्हिडिओ आउटपुट एकत्र बांधून पुरवठा मात्र हव्या त्याच कॅमेऱ्याला द्यायचा, ही युक्ती कोण कोणाला शिकवते ते मला कळत नाही, पण दरवर्षी ती कोणाच्या तरी रोबोटमध्ये सापडते. बंद कॅमेऱ्याचा आउटपुट रोधही लाइनवर तसाच राहतो, त्यामुळे चित्र अंधारते, आणि प्रत्येक वेळी नवा कॅमेरा जागा होईपर्यंत पडदा काळा राहतो. तेवढ्या वेळात रोबोट भिंतीवर आदळू शकतो. पुरवठा सर्वांना कायम चालू ठेवावा आणि व्हिडिओ बदलावा. एकाच सिग्नलवर दोन मॉनिटर जोडतानाही हाच विचार करावा: ७५ ओहमचे टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रोध) शेवटच्या मॉनिटरवर एकदाच असावे.

कॅट-फाइव्ह केबलमध्ये चार जोड्या असतात. तीन कॅमेऱ्यांच्या तीन जोड्या थेट वर आणाव्यात आणि काठावर दोन पोलचा साधा रोटरी स्विच बसवावा, असे माझे ठाम मत आहे. वरचा स्विच बिघडला तर कोरड्या हाताने पाच मिनिटांत बदलता येतो; खालचा बिघडला तर डबा उघडावा लागतो आणि उघडलेला प्रत्येक डबा पुन्हा गळण्याची शक्यता घेऊनच बंद होतो. चारपेक्षा जास्त कॅमेरे असतील तर खाली छोटे सिग्नल रिले (विजेने चालणारे स्विच) वापरावेत आणि प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड लावावा. स्वस्त मिळते म्हणून सीडी-४०५३ ही स्विचचे काम करणारी आयसी अनेकजण सरळ ५ व्होल्टवर लावतात. तेवढ्या व्होल्टेजला तिचा स्वतःचा रोध काहीशे ओहम असतो आणि ७५ ओहमच्या लाइनवर चित्र मरते. तिच्यापुढे बफर (सिग्नलला बळ देणारे सर्किट) लागतोच. कॅमेरे एकमेकांशी सिंक, म्हणजे एका तालात, नसल्याने बदलताना चित्र क्षणभर उडी मारते. तो दोष नाही, त्यामागे वेळ घालवू नये.

केबलच्या आतून येणारे पाणी

राजाराम तलावातील एका चाचणीत माझ्या रोबोटच्या कॅमेऱ्याच्या डब्यात दर वेळी चमचाभर पाणी सापडत होते. मी ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) तीन वेळा बदलली, लेथवर खाच पुन्हा मारून आणली, ग्रीस बदलले. शेवटी डब्यातली केबल कापली तेव्हा तारांच्या तांब्यातून पाण्याचे थेंब बाहेर आले. डब्यापासून आठ-दहा मीटरवर बाहेरच्या आवरणाला दगडाने चीर पडली होती. तेथून शिरलेले पाणी बारीक तारांमधल्या फटींतून थेट डब्यात उतरत होते. दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो आणि डब्यात मात्र वरचीच हवा असते, त्यामुळे पाण्याला आत जाण्याचीच दिशा मिळते. बाहेरून कितीही सील केले तरी ही वाट बंद होत नाही.

तेव्हापासून डब्यात शिरणाऱ्या ठिकाणी मी केबलचे आवरण सुमारे ५० मिलिमीटर काढतो, प्रत्येक तार मध्ये १० मिलिमीटर सोलतो, त्या उघड्या भागात सोल्डर भरून तार भरीव करतो आणि उघडे तांबे एकमेकांना लागणार नाही अशा बेताने सारे इपॉक्सीत ओततो. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारे घ्यावे आणि त्याला पूर्ण २४ तास द्यावेत. पाच मिनिटांचे इपॉक्सी लावून त्याच संध्याकाळी पाण्यात उतरण्याची घाई करणाऱ्यांचे कॅमेरे मी पुष्कळ उघडले आहेत. हॉट ग्लूवर अजिबात विसंबू नये. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तांब्याला गंजवते, म्हणून तेही तारांजवळ नको.

वाय-फाय कॅमेरा पाण्याखाली चालत नाही. साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. २३० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस (घरच्या विजेवरून डीसी देणारा पुरवठा) पाण्याच्या काठावर कोणत्याही कारणाने आणू नये, बॅटरीच वापरावी.

रिव्हर्स कॅमेरा वापरला असेल आणि रोबोट डावीकडे वळवताच उजवीकडे जात असल्यासारखे वाटत असेल, तर मोटरींच्या तारा उलटवण्याआधी कॅमेऱ्यापुढे छापील कागद धरावा. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसली तर कॅमेरा आरसा-प्रतिमा देत आहे. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांच्या केबलमधून दोन छोटे लूप बाहेर काढलेले असतात: एक तोडला की पार्किंगच्या रेषा जातात, दुसरा तोडला की प्रतिमा सरळ होते. कोणता लूप कशाचा हे कंपनीगणिक बदलते, म्हणून कॅमेरा चालू ठेवून, डबा बंद करण्यापूर्वीच ते पाहून घ्यावे आणि तोडलेल्या टोकांवर वेगवेगळी हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवावी.